हवेवर की तेलावर?

मेकॅनिकलच्या पोरांचे वाद दोनच. पहिला, कुठलं इंजिन भारी. आणि दुसरा, गाडी किती खाली बसवायची! सध्या आमच्या वर्गात दुसऱ्याला जोर आहे. कॅलिफोर्नियातल्या नाचणाऱ्या गाड्या बघून एक गट म्हणतो, "हायड्रॉलिक्स टाकू." दुसरा म्हणतो, "छे, एअर सस्पेन्शनच!" आणि गाडी कोणाची, तर बाबांची. तीच सकाळी बाबांना हिंजवडीला नेणार आणि संध्याकाळी आजीला दवाखान्यात. म्हणून मलाही यात चार शब्द बोलायचे आहेत.

आधी जरा उजळणी. (हसू नका, व्हायव्हाला हेच विचारतात.) सस्पेन्शनची मुख्य कामं दोन. वजन झेलून खड्डा पोटात घेणं हे स्प्रिंगचं काम आणि नंतर गाडी हेलकावत राहू न देणं हे डॅम्परचं. गॅरेजवाला ज्याला 'शॉकअप' म्हणतो तो हाच डॅम्पर, आणि त्यात तेलच असतं. म्हणजे त्या अर्थाने हायड्रॉलिक आपल्या घरच्या गाडीत आधीच आहे. वाद आहे तो स्प्रिंगच्या जागी काय घालायचं याचा.

हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबलं जात नाही. अर्धा निकाल इथेच लागतो. नाचणाऱ्या गाडीत पंप सिलिंडरमध्ये तेल ढकलतो आणि गाडी वर उचलतो, पण तेल स्वतः स्प्रिंग होऊ शकत नाही. जोडीला कॉइल स्प्रिंग किंवा नायट्रोजनचा ॲक्युम्युलेटर नसेल, तर प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या मणक्याला! वर पंपासाठी डिकीत जादा बॅटऱ्या. मुळात या प्रकाराचा जन्मच कायद्याला चकवण्यासाठी झाला. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियात १९५८ च्या सुमारास आला. मग १९५९ मध्ये रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक भाग बसवले. पोलीस दिसला की गाडी वर! आरामाचा त्यात संबंधच नव्हता.

"मग सिट्रोएनचं काय?" असं एखादा हुशार विचारेलच. १९५५ ची सिट्रोएन डीएस तेलाच्या दाबावर उभी राहायची आणि तिचा आराम आजही नावाजतात. पण तिच्याही प्रत्येक चाकाशी नायट्रोजन भरलेला गोळा होता. तेल दाब पोचवायचं आणि उंची सांभाळायचं. उशी होती ती वायूचीच. ही पद्धतही कंपनीने २०१७ मध्ये सी५ गाडीबरोबर थांबवली.

तेव्हा दोनातलं एकच निवडायचं, तर माझं मत हवेला. आकडेमोड करून बघा. मागच्या एका चाकाशी स्प्रिंगचा ताठपणा २० न्यूटन प्रति मिलिमीटर धरा. मागे तिघं बसले, डिकीत बॅगा आल्या, की मागच्या चाकांवर २०० किलो वाढले. म्हणजे एका चाकावर १०० किलो, ९८१ न्यूटन. गाडी मागून ४९ मिलिमीटर खाली! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. आपल्या गल्लीतला कसा असतो, ते पुणेकराला सांगायला नको. अशा वेळी एअर सस्पेन्शनमध्ये फुग्यात जास्त हवा भरून उंची पुन्हा जागेवर आणता येते.

मग बसवायचं का? रोजच्या गाडीला, नाही! कॉम्प्रेसर, टाकी, नळ्या, व्हॉल्व्ह, चार फुगे. जितकी सांधेजोड तितक्या गळतीच्या जागा. त्यात पावसाळ्याची दमट हवा. एक फुगा बसला की गाडीचा तो कोपरा खाली, आणि चांदणी चौकात रात्री दहाला तो दुरुस्त करणार कोण? शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल बघा: कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी मनाने बदलता येत नाही. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआयसारखी संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्यांसाठी उभी आहे, आणि त्याच शहरात आपण शनिवारी दुपारी सस्पेन्शन बदलून मोकळे होणार?

हवेची खरी जागा बसमध्ये आहे. ६० माणसं चढली की जवळपास ४ टन वाढतात, उतरली की बस रिकामी. एअर ब्रेकसाठी कॉम्प्रेसर तिथे असतोच. हवा सोडून दाराची बाजू खाली झुकवता आली, तर आजीच्या गुडघ्यांना एक मोठी पायरी कमी. २०१९ पासून पीएमपीएमएलमध्ये आलेल्या इलेक्ट्रिक बस हवेवरच आहेत. आपल्या कारपेक्षा तिथे हवेचा खर्च जास्त जणांच्या कामी येतो.

आणि हात शिवशिवत असतीलच, तर बाहाच्या टीममध्ये या! २००७ पासून ही स्पर्धा भारतात होते. बग्गीवर एअर शॉक लावा, दाब बदला, मोजा, मोडा, पुन्हा जोडा. बाबांच्या गाडीला मात्र चांगले शॉकअप, नवे बुश आणि टायरमध्ये योग्य हवा एवढंच द्या. माझं म्हणणं पटलं नसेल तर पुढच्या अंकात जरूर उत्तर लिहा, फक्त आकडेमोडीसकट!