फाटकावरचा माणूस कोणी शिकवायचा?



दिवाळीनंतर जळगाव-धुळे रस्त्याने जाताना जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. फाटकावरचा माणूस एक ट्रॉली आत घेतो, तिला वजनकाट्याची वाट दाखवतो आणि लगेच फाटकाशी परततो. समजा, तो प्रत्येक ट्रॉलीबरोबर आत गेला आणि कापूस उतरेपर्यंत तेथेच उभा राहिला, तर? आवार रिकामे, आणि बाहेर रांग गावापर्यंत!

मोठ्या परीक्षेच्या निकालादिवशी मोबाइलवर जे चक्र फिरत राहते, त्यामागे पुष्कळदा अशीच फाटकाची गोष्ट असते. आपण मात्र ‘पाऊस आला’ म्हणावे तसे ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतो आणि मोकळे होतो. याचे कारण मला असे दिसते की, आपल्या संगणकाच्या तासांना फक्त दुसऱ्याचे दार ठोठावणे शिकवले जाते. दार उघडणारी आज्ञावली कशी असते, हे सांगितलेच जात नाही. ते नववी-दहावीतच शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काम तसे अवघड नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीत १९८३ साली यासाठी जी नावे आली, ती पायथनसारख्या भाषांत आजही तशीच आहेत. ‘सॉकेट’ म्हणजे जोडणीचे टोक तयार करणे. ‘बाइंड’ म्हणजे त्याला पत्ता व पोर्टचा क्रमांक देणे. ‘लिसन’ म्हणजे फाटकाशी रांग लागू देणे. ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे रांगेतला पहिला आत घेणे. येथे विद्यार्थी हटकून अडखळतात. ॲक्सेप्ट प्रत्येक पाहुण्यासाठी एक नवे सॉकेट हाती देते. बोलणे त्यावर करावयाचे. जुने सॉकेट फाटकावरच राहते.

आणखी एक गंमत पाहा. तिकडून हाक, इकडून होकार, तिकडून पुन्हा होकार, एवढा व्यवहार कार्यप्रणाली परस्पर उरकते. म्हणजे तुमचा मोबाइल ‘जोडला गेला’ असे समजतो, तेव्हा आज्ञावलीने तुमच्याकडे पाहिलेलेही नसते! रांगेची लांबीही ठरलेली असते. १९८३ च्या त्या प्रणालीत लिसनला कितीही मोठा आकडा सांगितला तरी ५ च धरला जाई. आजच्या रांगा पुष्कळ लांब असतात, पण भरतात त्याही. मग नव्या हाकेला बहुधा उत्तरच मिळत नाही. हाक मारणारा थोडा थांबतो आणि पुन्हा ठोठावतो. दर खेपेस थांबण्याचा काळ साधारण दुप्पट होतो.

मी स्वतः प्रयोगशाळेत अशी आज्ञावली प्रथम लिहिली, तेव्हा एका विद्यार्थ्याला आत घेतले आणि त्याच्या संदेशाची वाट पाहत बसलो. तो शेजाऱ्याशी बोलण्यात दंग होता. उरलेले नऊ संगणक जोडलेले दिसत होते, पण जागचे हलेनात. मी केबल तपासली, स्विच बदलला. दोष माझ्याच तीन ओळींत होता. फाटकावरचा माणूस ट्रॉलीबरोबर आत गेला होता! पाहुण्याला वेगळ्या थ्रेडकडे सोपवताच सारे सुरळीत झाले.

शिक्षकबंधू म्हणतील, शाळेत इंटरनेट कुठे आहे? त्याची गरजच नाही. दोन संगणक व एक केबल पुरते. एकच संगणक असला तरी १२७.०.०.१ या पत्त्यावर तो स्वतःलाच हाक मारू शकतो. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो खोटा नाही. म्हणून तर हे शाळेच्या बंद खोलीत शिकावे. कडी कशी निघते हे ज्याला माहीत नाही, त्याला ती नीट लागली की नाही, हे तरी कसे कळणार?

मग जळगावच्या संगणकाला धुळ्याहून हाक ऐकू येईल काय? अंतर सुमारे ९० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सरळ तार असती तर अर्धा मिलिसेकंदही लागला नसता. पण घरच्या जोडणीवर प्रयोग कराल तर हाक बहुधा पोचणारच नाही. ३२ बिटांचे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. ते अपुरे पडले, म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच जाहीर पत्त्यामागे बसवतात. आतून बाहेर जाता येते, पण बाहेरून आलेली हाक कोणाच्या घरची, हे ठरत नाही. १२८ बिटांचे नवे पत्ते विपुल आहेत. तेथेही राउटर सांगितल्याशिवाय बाहेरच्याला बहुधा आत सोडत नाही. गावोगाव मोबाइल पोचले, पण आपल्या हाती आली ती अशी एकाच बाजूने उघडणारी दारे.

तेव्हा पहिला प्रयोग एकाच खोलीत करा. पोर्ट ५०५० घ्या. १०२४ च्या खालचे क्रमांक युनिक्सवर सहसा सामान्य वापरकर्त्याला मिळत नाहीत. दोन-तीन मित्रांचे संदेश व्यवस्थित आले, की त्यांतल्या एकाला सांगा, “जोडणी कर, पण एक अक्षरही पाठवू नकोस.” मग इतरांचे काय होते ते पाहा.