फोन कुणाचा, आजार कुणाचा

खेड्यातल्या रुग्णांची विचारपूस करायला आता माणसं पाठवायची गरज उरलेली नाही, असं सार्वजनिक आरोग्यावरच्या एका परिसंवादात एका विद्वान गृहस्थांनी नुकतंच ठणकावून सांगितलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: फोन घरोघरी पोचला आहे. चार प्रश्नांचे मेसेज पाठवा, रुग्ण १ किंवा २ दाबून उत्तर देईल, संध्याकाळपर्यंत अख्ख्या तालुक्याचा आकडा टेबलावर येईल. पैसा वाचतो, वेळ वाचतो, आणि समोर कुणी बसलेलं नसल्याने रुग्ण संकोच सोडून खरं सांगतो. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना स्वतःच्या दुखण्यासाठी मात्र समोर बसलेला डॉक्टर लागतो.

फोन घरोघरी पोचला, हे मान्य. घरात तो कुणाच्या खिशात असतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ग्रामीण बायकांपैकी ४६.६ टक्के जणींनी स्वतः वापरायचा फोन असल्याचं सांगितलं. देशभरात असा फोन असलेल्या बायकांपैकी सुमारे ७१ टक्के जणींना मेसेज वाचता येत होते. दोन्ही आकडे एकत्र धरले, तर खेड्यातल्या फार तर तिघींपैकी एकीपर्यंत हा प्रश्न पोचतो. साठीची विधवा तर या हिशेबात धरलेलीच नाही.

आता त्या संकोचाचं पाहू. केसपेपर काढताना बाई जो नंबर सांगते तो बहुतेकदा नवऱ्याचा असतो, नाहीतर दिराचा किंवा मुलाचा. ‘अंगावरून पांढरं जातं का?’ हा प्रश्न त्या नंबरवर, तो पारावर चार जणांत बसलेला असताना येऊन पडतो. त्याने चिडून २ दाबलं की तिच्या नावापुढे ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते. ते बरं म्हणावं, असं याहून वाईटही घडू शकतं: तो घरी येऊन विचारतो, दवाखान्यात जाऊन हे सगळं सांगत बसलीस का? नव्या सुनेने सासरी लपवलेला क्षयरोग, कुणालाही न सांगता केलेला गर्भपात, एका मेसेजने घरभर कळू शकतो. यंत्रापुढे संकोच गळतो हे ज्याचा फोन स्वतःचा आहे, त्याच्यापुरतं खरं आहे. बाईच्या बाबतीत तिच्या आणि प्रश्नाच्या मध्ये घरातला पुरुष उभा केला जातो, आणि त्यालाच हे गृहस्थ गोपनीयता म्हणतात!

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ६५० बायकांची तपासणी झाली, ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. गावात राहून विश्वास मिळवल्याशिवाय आणि बाईला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय हा आकडा कुणाच्या हाती लागला नसता. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली गाजला, सरकारने समिती नेमली. ८० हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांना ‘ऑपरेशननंतर समाधानी आहात का?’ असा मेसेज गेला असता, तर मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल आणि पाळीच्या दिवसांत पडलेल्या खाड्याचा दंड यांबद्दल एक अक्षर परत आलं नसतं. मेसेजमध्ये तेवढंच विचारता येतं, जे विचारणाऱ्याच्या आधीच मनात आलेलं असतं.

बाकीच्या अडचणी एकेका वाक्यात. देवनागरी मेसेजच्या एका तुकड्यात ७० चिन्हं मावतात, त्यात काना-मात्राही मोजतात. रिचार्ज संपून बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी परक्या माणसाला मिळतो. मेळघाटात कोरकू आणि भामरागडला माडिया बोलणारी बाई मराठी मेसेज कसा वाचणार, यावर गृहस्थ बोललेच नाहीत. २०१६ पासूनच्या ‘मेरा अस्पताल’सारख्या सरकारी योजनेतही दवाखान्यात पोचलेल्यालाच मत विचारतात, वाटेतूनच परत फिरलेल्याला कोण विचारणार?

हा वाद जुनाच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतीवर तक्रारपेट्या लागल्या, तेव्हाही अशीच मंडळी सांगत होती की पेटी रिकामी म्हणजे लोक खूश. पेटीची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच कमरेला होती. आम्ही तेव्हा बोललो तर प्रगतीचे विरोधक ठरलो. आता मेसेजला आलेल्या मौनाचा अर्थही ‘आजार नाही’ असाच लावला जाणार, आणि त्या आकड्यावर उपकेंद्रातली नर्सबाईची जागा रिकामी ठेवली जाणार.

मग करायचं काय? लसीची तारीख मेसेजने जरूर कळवा. ‘किलकारी’ या सरकारी योजनेत गरोदर बाईला ध्वनिमुद्रित फोन जातो, वाचता न येणाऱ्या बाईला तो निदान ऐकता तरी येतो. पण आजार विचारायचा तर आशाताईने दारात बसून, नवरा घरात नसताना विचारावा, आणि या कामाचे वेगळे पैसे तिला वेळेवर मिळावेत. दवाखान्याची परीक्षा जनसुनवाईत, अधिकाऱ्यांच्या समोर व्हावी. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीने हे करून दाखवलं आहे. आणि ज्यांना मेसेजनेच पाहणी करायची आहे, त्यांनी अहवालाच्या पहिल्या पानावर छापावं: मेसेज किती पाठवले, उत्तरं किती आली, त्यांत स्वतःच्या फोनवरून उत्तर देणाऱ्या बायका किती, आणि ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांच्या घरी कोण जाऊन आलं.