रमाई साकारल्यानंतर आपल्या मुलींनी कुठं जायचं?

७ फेब्रुवारी जवळ आली की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बुद्धविहारांत रमाई जयंतीची तयारी सुरू होते. दरवर्षी कुठली ना कुठली मुलगी आजीचं नऊवारी लुगडं नेसते, डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेते आणि रमाईची एकपात्री सादर करते. समोरच्या बाया पदरानं डोळे पुसतात. प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुन्हा कॉलेजला किंवा धानाच्या कामाला जाते. तिचं अभिनयाचं करिअर एका रात्रीत सुरू होतं आणि त्याच रात्री संपतं.

याच रमाईच्या भूमिकेनं शिवानी रांगोळे हे नाव आपल्या घराघरात पोचवलं. १८ मे २०१९ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली. सागर देशमुख बाबासाहेब झाले, शिवानी रमाई झाल्या. संध्याकाळची कामं आटोपून आपल्या वस्त्यांनी ही मालिका पाहिली. चार लेकरं गमावलेली, बाबासाहेब परदेशी असताना एकटीनं घर ओढलेली आणि २७ मे १९३५ रोजी राजगृहात अखेरचा श्वास घेतलेली रमाई नव्या पिढीला रोजच्या भेटीतली वाटू लागली. त्या कलावंतांच्या मेहनतीबद्दल आपण कृतज्ञच असायला हवं.

पण शिवानींच्या पुढच्या वाटचालीकडं पाहा. पुण्याची ही अभिनेत्री आधी झी युवावरच्या ‘बन मस्का’मध्ये दिसली होती. रमाईनंतर स्टार प्रवाहवर ‘सांग तू आहेस का’ आली. २०२३ मध्ये झी मराठीवर ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ सुरू झाली आणि त्या अक्षरा नावाच्या शिक्षिकेच्या मुख्य भूमिकेत आल्या. आणखी एक योगायोग सांगते. जब्बार पटेल यांच्या २००० सालच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ चित्रपटात माईसाहेबांची भूमिका मृणाल कुलकर्णी यांनी केली होती. शिवानी आज त्यांच्या सूनबाई आहेत. म्हणजे एका घरातल्या दोन अभिनेत्रींनी माई आणि रमाई साकारल्या.

यात त्या दोघींचा काहीच दोष नाही. अभिनेत्रीनं कुठल्याही जातीची, कुठल्याही काळातली बाई साकारावी, हेच तिचं काम. म्हणून ‘रमाई आपल्याच मुलीनं का केली नाही’ एवढ्यावर थांबणारी चर्चा मला अपुरी वाटते. खरा प्रश्न पुढचा आहे. शिवानींना रमाईही करता आली आणि अक्षराही. आपल्या मुलीला अक्षरा कधी करायला मिळणार? आपल्या मुलींना आपण फक्त दुःख सोसणाऱ्या भूमिकांसाठी राखून ठेवणार आहोत का?

आपल्या भागात रंगमंच नाही, असं कुणी म्हणू नये. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा या चार जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमी तिकिटावर जगते. दिवाळीनंतर धान निघालं की मंडई भरते आणि रात्र-रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे या व्यवसायाचं केंद्र. इथल्या नाट्यमंडळांची कार्यालयं तिथं आहेत. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये या रंगभूमीवरच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. पूर्वी दंडारीत पुरुषच लुगडं नेसून बाईचं काम करत. आज स्त्रिया त्यावर पोट भरतात.

मग अडतं कुठं? पहिली अडचण अंतराची. मराठी मालिकांची निवड आणि चित्रीकरण बहुतेक मुंबई-ठाण्याकडं होतं. ऑडिशनसाठी दहा वेळा रेल्वेनं जायचं, खोलीचं भाडं भरायचं आणि काम न मिळता सहा महिने काढायचे, हे शेतमजुराच्या घराला झेपत नाही. दुसरी अडचण भाषेची. झाडीबोलीचा हेल ऐकू आला की मुलीला मोलकरणीची किंवा विनोदी भूमिका सुचवली जाते. नायिकेची बोली ठरलेली, रंगही ठरलेला. लिहिणारे आणि निवडणारे बदलले की पडदा बदलतो. दलित समाजातून आलेले दिग्दर्शक नीरज घेवान यांनी २०२३ मध्ये ‘मेड इन हेवन’ या वेब मालिकेत बौद्ध पद्धतीचं लग्न दाखवलं. त्यातली दलित वधू शिकलेली, लेखिका आणि ठाम बोलणारी होती.

तिसरी अडचण आपल्या घरातली आहे. आमच्या युवती गटातल्या एका मुलीला रमाईच्या एकपात्रीनंतर नाटकात कामाची विचारणा झाली. विहारात टाळ्या वाजवणारेच तिच्या वडिलांना म्हणाले, “नाटकात धाडलं तर पोरीचं लग्न कोण लावणार?” आपण रमाईला वंदन करतो आणि रमाई साकारणाऱ्या मुलीवर संशय घेतो. धम्म स्वीकारलेल्या समाजाला हे शोभत नाही.

रात्रीचा प्रवास आणि असुरक्षितता ही भीती मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय घरी बसवणं हा नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरोधातला २०१३ चा कायदा नाट्यमंडळालाही लागू होतो. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते. आपल्या किती कार्यकर्त्यांनी ही माहिती मुलींना दिली आहे?

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दीक्षाभूमीवर आपण हजारोंनी जमतो. मंडप आणि साऊंडवर खर्च होतोच. त्यातला छोटा वाटा बाजूला काढून विहार समित्यांनी तीन गोष्टी कराव्यात. एकपात्री करणाऱ्या मुलीला हारासोबत मानधन द्यावं. तालुक्याला वर्षातून एक अभिनय आणि लेखन शिबिर घ्यावं. आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या चंद्रपूर केंद्रावर आपल्या मुलींनी लिहिलेलं, झाडीबोलीतलं नाटक उतरवावं.

येत्या ७ फेब्रुवारीला एखादी मुलगी रमाई साकारून खाली उतरेल, तेव्हा तिचं कौतुक करून थांबू नका. “पुढं काय करायचं ठरवलंस?” असं तिला विचारा, आणि उत्तर ऐकून तिच्या वडिलांशी बोलायला जा.

जय भीम.