चादरीवरचे आकडे आणि आपण

"हजार थ्रेडकाउंट आहे मॅडम, हात लावून बघा!" हे वाक्य ऐकलं की हल्ली माझ्या डोक्यात तिडीक जाते. मंडळी, हा हजार आकडा बहुतेक वेळा गुणाकार असतो.

थ्रेडकाउंट म्हणजे एका चौरस इंचातले उभे आणि आडवे धागे मिळून झालेली संख्या. आता इंच काही रबराचा नाही, त्यात धागे मावून मावून किती मावणार? म्हणून मग युक्ती करतात. चार बारीक सुतं एकत्र पिळून एक धागा करायचा, असे अडीचशे धागे विणायचे आणि पाकिटावर १००० छापायचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००५ सालीच अशा मोजणीने गिऱ्हाइकाची दिशाभूल होऊ शकते असं कळवलं होतं. आकडा मात्र अजून ऐटीत मिरवतोय.

मुळात अंगाला काय लागतं ते ठरतं धाग्याच्या जातीवर आणि विणीवर. एक वर, एक खाली अशी साधी वीण असलेली चादर जरा कडक वाटते, पण हवा खेळू देते. सॅटिनच्या विणीत धागे वरून लांब तरंगतात, म्हणून ती गुळगुळीत लागते, पण लवकर खरवडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कुठली बरी, हे सांगायला आकडा कशाला हवा?

दुसरा राग 'मायक्रोफायबर'वर. ते बहुधा पॉलिएस्टर असतं. कापूस साधारण ७-८ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घामाने चिकचिकायला होतं ते यामुळे. स्वस्त पडतं, लगेच वाळतं, कुणी समजून घेतलं तर माझी काही तक्रार नाही. पण 'कॉटन फील' असं मोठ्या अक्षरात आणि पॉलिएस्टर मुंगीएवढ्या अक्षरात, ही लबाडी आहे. 'बांबू'ची गोष्ट तीच. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून केलेला तो व्हिस्कोस असतो. २०२२ मध्ये असले दावे केल्याबद्दल वॉलमार्ट आणि कोल्स या दोन बड्या दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलर मोजावे लागले.

आणि मोठ्या नावावर विसंबावं म्हणाल तर २०१६ आठवा. इजिप्शियन कॉटन म्हणून विकलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी-अभ्रे दुसऱ्याच कापसाचे निघाले, असं म्हणत टार्गेट कंपनीने आपल्या वेल्स्पनशी व्यवहार तोडला होता.

टॉवेलचं तर विचारूच नका. जाड म्हणजे चांगला, हे कुणी ठरवलं? ६०० जीएसएमचा टॉवेल कोकणात जुलैमध्ये वाळवून दाखवा! दुसऱ्या दिवशी कुबट वास. वर सॉफ्टनर घातला की धाग्यावर तेलकट थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपायचंच विसरतो. त्यापेक्षा आपला पंचा बरा, किंवा सोलापुरी टॉवेल. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरी 'सोलापुरी' म्हणून भलतंच गळ्यात मारणारे आहेतच, तेव्हा नावाची चिठ्ठी वाचून घ्या.

आपल्या घराण्यात लग्नात, वास्तुशांतीला चादर-टॉवेलचा आहेर करायची रीत आहे, म्हणून नातेवाईकांसाठी खास: दुकानदाराला थ्रेडकाउंट विचारू नका. धागा कसला आणि किती टक्के, हे विचारा आणि बिलावर लिहून मागा. शंका आली तर घरी कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती, व्हिस्कोसही असाच जळतो. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर.

दुकानदार बिलावर लिहून द्यायला कां-कूं करू लागला, तर सरळ पुढच्या दुकानात जा.