उदार राज्य आणि मतदाराचा कौल

निवडणुकीच्या प्रचारात रस्ते, पाणी, महागाई आणि नोकऱ्या यांची चर्चा होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु तितक्याच महत्त्वाचा एक प्रश्न बहुधा मागे राहतो. येणारे सरकार नागरिकाला त्याच्या आयुष्याचे निर्णय घेण्याची मुभा वाढवून देणार, की परंपरेच्या नावाने ती आवळणार? उदारमतवादी आणि सनातनी राज्यकर्त्यांतील खरा भेद येथे आहे. हा वाद पुस्तकी आहे, घरसंसाराशी त्याचा संबंध नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हिंदू कोड बिलाचा इतिहास आठवून पाहावा.

1955 पूर्वी देशाच्या बहुतेक भागांत हिंदू पुरुषाला एक पत्नी असताना दुसरी करता येत असे. काडीमोडाची रूढी असलेल्या जाती सोडल्या, तर छळ सोसणाऱ्या पत्नीला विवाहबंधनातून सुटण्याचा मार्ग नव्हता. मुंबई प्रांतातील लोकनियुक्त सरकारने मात्र 1946 मध्ये द्विभार्याप्रतिबंधाचा आणि 1947 मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. हेच तत्त्व साऱ्या देशाला लागू करण्याचा प्रयत्न कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केला. विरोध इतका तीव्र झाला की सप्टेंबर 1951 मध्ये सरकारने ते विधेयक बाजूला ठेवले आणि आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

विरोधकांचा एक आक्षेप विचार करण्याजोगा होता. ती संसद प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती. एवढा मोठा बदल करण्यापूर्वी जनतेचा कौल घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्राला या युक्तिवादाची ओळख जुनीच. 1891 मध्ये मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे करण्यात आली, तेव्हा आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. आमच्या समाजव्यवहारात परक्या सरकारने हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. त्या वेळी सामान्य माणसाला मतच नव्हते. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मिळाले. अलाहाबाद भागातील मतदारसंघात पंडित नेहरूंच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी हिंदू कोडाला विरोध करण्यासाठीच उभे राहिले. नेहरू मोठ्या मताधिक्याने विजयी झाले आणि देशातही त्यांच्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. प्रत्येक मतदाराने याच एका प्रश्नावर मत दिले असे नव्हे. परंतु जनतेचा कौल नाही, हे कारण आता उरले नाही. 1955 मध्ये विवाहाचा आणि 1956 मध्ये वारसाहक्काचा कायदा झाला. ज्यांनी या विधेयकासाठी मंत्रिपद सोडले, त्या आंबेडकरांना मात्र मुंबईच्या मतदारांनी त्याच निवडणुकीत पराभूत केले, हेही विसरता येत नाही. मतदाराचे औदार्य गृहीत धरता येत नाही. ते जागवावे लागते.

समाजाचे मन आधी बदलावे, कायदा मागाहून यावा. घाईने केलेला कायदा कुटुंबाची वीण उसवतो, असे सनातनी पक्ष म्हणतो. कुटुंबाच्या स्थैर्याची ही चिंता खोटी नाही. परंतु घटस्फोटाच्या कायद्याने कोणत्याही सुखी जोडप्याला विभक्त होण्याची आज्ञा केलेली नाही. ज्याला विवाह हा जन्मोजन्मीचा संस्कार वाटतो, त्याने तो तसा पाळावा. त्याच्या देवघराच्या उंबऱ्याशी उदार राज्य थांबते. सनातनी राज्य तेथे थांबत नाही. स्वतःला पटलेला आचार ते शेजाऱ्यावरही लादते. उदार कायदाही सक्ती करतो, हे खरे; दुसऱ्या विवाहावरील बंदी ही सक्तीच होय. परंतु एकाच्या मोकळीकेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, तेथेच त्याची सक्ती असते.

दिरंगाईलाही किंमत असते. विरोध सांभाळताना 1956 च्या कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्शात वारसा दिला. परंतु एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला नाही. महाराष्ट्रात तो 1994 मध्ये मिळाला, तोही आधी विवाह झालेल्या मुलींना वगळून. साऱ्या देशात तो मिळण्यास 2005 साल उजाडले. मधल्या एकोणपन्नास वर्षांत ज्यांचे आयुष्य गेले, त्या मुलींना ‘समाजाची तयारी नव्हती’ या उत्तराने काय दिलासा मिळणार?

तथापि, उदारमतवादाची पाटी लावली की सरकार उदार होते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. 1966 मध्ये हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांसह मुंबईत मोर्चा काढून समान हक्कांची मागणी केली. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहाबानो या घटस्फोटित वृद्धेचा पोटगीचा हक्क मान्य केला. पण लोकसभेत चारशेहून अधिक जागा असलेल्या सरकारने धर्मनेत्यांच्या दडपणापुढे नमून 1986 मध्ये त्या निर्णयाला मुरड घालणारा कायदा केला. सनातनीपणा कोणत्याही एका धर्माची वा पक्षाची मिरास नाही. म्हणून उमेदवाराची पाटी नव्हे, वर्तन पारखावे.

मत मागण्यास दाराशी येणाऱ्यांना मतदाराने काही साधे प्रश्न विचारावेत. विशेष विवाह कायद्यानुसार आंतरजातीय वा आंतरधर्मीय विवाह करू पाहणाऱ्या तरुण-तरुणीची नोटीस तीस दिवस जाहीर राहते. त्या काळात त्यांच्यावर दडपण आले तर तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहाल? शिक्षकाने वर्गात रूढीची चिकित्सा केली आणि त्याच्याविरुद्ध जमाव चालून आला, तर त्याला संरक्षण द्याल की बदलीचा हुकूम? धर्मगुरूंचे शिष्टमंडळ आणि एकटी फिर्यादी स्त्री एकाच वेळी दाराशी आली, तर आधी कोणाचे ऐकाल?

सरळ उत्तर देणाऱ्याला मत द्यावे. उत्तर टाळणाऱ्याने रस्ता आणि नळ यांचे आश्वासन दिले, तरी त्याला परत पाठवावे. उदार सरकार चुकले, तर त्याला जाब विचारता येतो, लेखणी चालवता येते, पाच वर्षांनी ते बदलताही येते. प्रश्न विचारणे हाच अपराध मानणाऱ्या सरकारच्या राज्यात मात्र चूक दाखविण्याची वाटच अरुंद होत जाते. कौल देण्यापूर्वी सुजाण मतदाराने एवढा एक भेद तरी ध्यानात ठेवावा.