अभिरूप न्यायालय : आधी प्रश्न तपासा
आठवीच्या मुलांकडून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर अभिरूप न्यायालय करून घ्यायचंय? मग तयारी काळ्या कोटापासून नको, प्रश्नांपासून करा. सिनेमे बघून मुलं हमखास विचारतात, "तेव्हाच का नाही बोललीस? कपडे कोणते होते?" तालीम तिथेच थांबवून यावर बोलायला हवं. सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा सोप्या भाषेत सांगा. तक्रारीला ३ महिन्यांची मुदत कायद्यानेच दिलीय. म्हणजे लगेच न बोलणं हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. घटनेचा अभिनय नको, फक्त साक्ष. आरोपीची बाजूही नीट मांडली जावी. निकाल काहीही लागो, पण वर्गातल्या गप्प मुलीला "आपण सांगितलं तर इथं ऐकून घेतील" असं वाटलं पाहिजे.