हिवाळ्याचे पाणी आणि वीतभर मासा

कडाक्याच्या थंडीत श्रीनगरचे दल सरोवर वरून गोठते आणि त्याची छायाचित्रे आपणांस वृत्तपत्रांतून पाहावयास मिळतात. ती पाहताना, बर्फाखाली माशांचे काय होत असेल, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर पाण्याच्या एका विलक्षण गुणात आहे. बहुतेक पदार्थ जसजसे थंड होतात तसतसे जड होत जातात. पाणी मात्र सुमारे ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झाले की ते पुन्हा हलके होऊन वर येते. म्हणूनच बर्फ वर तरंगतो आणि खोल तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी टिकून राहते. पुष्कळ माशांना हिवाळा काढण्यास तेवढा आसरा पुरतो.

ज्याला तो पुरेलच असे नाही, अशा एका माशाची हकीगत येथे सांगावयाची आहे. हा मासा आपल्याकडचा नव्हे. अमेरिका आणि कॅनडा या देशांच्या सीमेवर जी पाच महासरोवरे आहेत, त्यांत तो राहतो. त्याचे नाव एलवाइफ. लांबीने जेमतेम वीतभर, रंगाने रुपेरी, आणि गोत आपल्या तारलीचे व हिलशाचे. हिलसा जसा समुद्रातून गंगेत अंडी घालण्यास चढतो, तसाच हाही मूळचा अटलांटिक समुद्रातून नद्यांत चढणारा. नायगाराचा धबधबा मधे उभा असल्याने वरच्या सरोवरांचा मार्ग त्याला बंद होता. माणसाने जहाजांसाठी धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा १८२९ मध्ये खुला केला आणि कालांतराने ती वाट माशांनाही सापडली. १९३१ मध्ये एलवाइफ ईरी सरोवरात आढळला, १९३३ मध्ये ह्यूरनमध्ये आणि १९४९ मध्ये मिशिगनमध्ये.

त्याच कालव्याने लॅम्प्री नावाचा रक्तशोषक जीवही वर आला होता. त्याने, आणि जोडीला अतिरेकी मासेमारीने, तेथील मोठा शिकारी मासा लेक ट्राउट जवळजवळ संपवला. खाणारा उरला नाही, मग एलवाइफ वाढला तो इतका, की मिशिगन सरोवरातील सर्व माशांच्या वजनात दहापैकी आठ-नऊ भाग त्याचेच, असा अंदाज १९६० नंतरच्या दशकात केला जाऊ लागला.

परंतु एवढ्या बलाढ्य लोकसंख्येचा एक दुबळेपणा होता, आणि तो म्हणजे थंडी. माशाचे रक्त पाण्याइतकेच थंड होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. गोड्या पाण्यात त्याच्या शरीरातील क्षार सतत बाहेर झिरपत असतात आणि पाणी आत शिरत असते. कल्ले व मूत्रपिंड अहोरात्र खपून हा तोल सांभाळतात. पाणी फार थंड झाले की ही यंत्रणा मंदावते. समुद्रात वाढलेल्या कुळातील माशाला तर ते अधिकच जड जाते, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. साधारण ३ अंशांच्या खाली एलवाइफ थव्यातून भरकटतो, निपचित होतो आणि मरतो. म्हणून हिवाळ्यात तो काठ सोडून खोल पाण्यात जातो. तेथेही त्याचे खाणे अगदी कमी होते. उन्हाळ्यात अंगावर चढविलेल्या चरबीवर त्याला महिने काढावे लागतात. ज्या पिल्लांना चरबी साठविण्यापुरता उन्हाळा मिळाला नाही, त्यांचे हाल सर्वांत आधी. (थंडी न सोसणारे पाहुणे आपल्याकडेही आहेत. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाला उत्तरेकडील तळ्यांतला गारठा असाच भोवतो.)

हिवाळ्यातून अशक्त होऊन निघालेले मासे वसंतात काठाकडे येतात, तेव्हा पाण्याचे तापमान एका दिवसात चढत-उतरत असते. १९६७ मध्ये नेमके तेच घडले. मिशिगन सरोवरात कोट्यवधी एलवाइफ मेले. शिकागोच्या किनाऱ्यावर कुजक्या माशांचे ढीग साचले, ते हटविण्यास बुलडोझर आणावे लागले, आणि पाणी ओढणाऱ्या नळांची तोंडेही माशांनी तुंबली. त्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर सहलीस जाण्याचा विचार कोण करणार?

त्याआधीच, १९६६ मध्ये, मिशिगन राज्याच्या मत्स्यखात्याने एक धाडस केले होते. पॅसिफिक महासागराकडील कोहो सॅमनची पिल्ले त्यांनी सरोवरास मिळणाऱ्या नद्यांत सोडली. पुढील वर्षी चिनूक सॅमनची सोडली. पिल्लांना खाण्यास एलवाइफ अमाप होते. अवघ्या दीड वर्षात भले थोरले मासे गळाला लागू लागले. लोक अक्षरशः वेडावले. लहानशा होड्या घेऊन ते मोठ्या सरोवरात गेले, आणि १९६७ च्या सप्टेंबरात अचानक उठलेल्या वादळात काही जणांनी प्राणही गमावले. तरीही गर्दी ओसरली नाही. किनाऱ्यावरील गावांत धर्मशाळांसारखी विश्रामगृहे, होड्या भाड्याने देणारे, आमिषे विकणारे असे सगळे व्यवसाय उभे राहिले. माझ्या मते, त्या गावांची भरभराट खरे पाहता सॅमनवर नव्हतीच. ती त्याच्या पोटात जाणाऱ्या वीतभर माशावर होती.

ह्यूरन सरोवराने ते दाखवून दिले. तेथे चिनूकची संख्या फार झाली होती. मत्स्यखाते पिल्ले सोडीत होतेच. शिवाय कॅनडाकडील नद्यांत सॅमन आपणहून वाढत होते. दुसऱ्या बाजूने, बाहेरून आलेले शिंपले सूक्ष्म जीव गाळून खात असल्याने एलवाइफच्या तोंडचा घासही कमी झाला होता. अशात २००२-०३ चा हिवाळा फार कडक निघाला. २००३ मध्ये प्रौढ एलवाइफ जवळजवळ नाहीसे झाले. उरलेली पिल्ले भुकेल्या सॅमननी फस्त केली. मग सॅमन स्वतःच रोडावले, आणि दोन-तीन वर्षांत ह्यूरनच्या बंदरांतील होड्या भाड्यावाचून पडून राहिल्या. ज्यांनी कर्ज काढून होड्या घेतल्या होत्या, त्यांचे काय झाले असेल याची कल्पना आपण करू शकतो. दोष केवळ थंडीला देणे मात्र न्यायाचे होणार नाही. थंडीने अखेरचा धक्का दिला, एवढेच.

आता गंमत अशी, की एलवाइफ गेल्यावर सरोवरातले मूळचे रहिवासी सावरले. एलवाइफच्या अंगात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा पदार्थ असतो. ते खाणाऱ्या लेक ट्राउटची पिल्ले त्यामुळे जगत नसत. २००४ पासून ह्यूरनमध्ये निसर्गतः जन्मलेली ट्राउटची पिल्ले दिसू लागली. सॅगिनॉ उपसागरात वॉलआय नावाच्या माशाची नवजात पिल्ले एलवाइफ गिळीत असे; तो अडथळा सरताच वॉलआय इतके वाढले, की २००६ मध्ये त्यांची पिल्ले सोडणे बंद करण्यात आले. हिवाळ्यात त्या उपसागरावर बर्फ धरला, की लोक त्यावर लहानशा खोपट्या उभारतात, बर्फाला भोक पाडतात आणि गळ सोडून बसतात. थंड पाण्यात मासा सुस्त असतो, म्हणून आमिष लहान लावावे लागते आणि दोरी अगदी सावकाश हलवावी लागते. बर्फ पातळ असेल तर हे धाडस जिवावर बेतते, हेही खरे.

बर्फ सर्वांचाच वैरी नसतो. व्हाइटफिश हा तेथील जुना मासा शरदाच्या अखेरीस उथळ खडकांत अंडी घालतो. वर बर्फाचे आच्छादन असले म्हणजे हिवाळी लाटांनी ती उधळली जात नाहीत. एकाचा काळ तो दुसऱ्याचा पाळणा, असा हा प्रकार आहे.

२०१४ च्या मार्चमध्ये या सरोवरांचा ९२.५ टक्के पृष्ठभाग बर्फाने झाकला गेला होता. पुढचाही हिवाळा कडकच गेला. ऑन्टारिओ सरोवरात त्या काळातील एलवाइफची पिल्ले फार थोडी वाचली. ह्यूरनचे उदाहरण डोळ्यांपुढे असल्याने दोन्ही बाजूंच्या मत्स्यखात्यांनी वाट पाहिली नाही. २०१७ मध्ये चिनूक व लेक ट्राउटची पिल्ले पाचव्या हिश्शाने कमी सोडली. गळ टाकणाऱ्या मंडळींना हा निर्णय गोड वाटणे कठीणच होते. आजही तेथे दर वसंतात तळाशी जाळी ओढून, हिवाळ्यातून किती एलवाइफ निभावले याचा अंदाज घेतला जातो, आणि सॅमनची किती पिल्ले सोडावयाची हे ठरविताना तो आकडा समोर ठेवला जातो.